बांडगूळ

दुसऱ्या झाडाच्या फांदीत शोषक मुळे रोवून तिच्यातून पाणी व खनिजे घेणारे, पण स्वतःच्या हिरव्या पानांत अन्न तयार करणारे सदाहरित झुडूप. शास्त्रीय नाव डेंड्रॉफ्थी फॅल्काटा, कुल लोरँथेसी. चंदनाचा गण (अनेक कुलांचा समूह) तोच याचाही गण. चंदनही मुळांवाटे शेजारच्या झाडांवर पोसते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. जुन्या ग्रंथांत ही वनस्पती लोरँथस लाँगिफ्लोरस या नावाने येते. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश व म्यानमार या उष्ण प्रदेशांत ती आढळते. ऐतखाऊ माणसाला उद्देशून होणारा ‘बांडगूळ’ या शब्दाचा वापर सर्वपरिचित आहे. अमरवेलीला तो अधिक शोभला असता. अमरवेलीला पाने नाहीत, ती तयार अन्नच ओढते. बांडगूळ पाणी उसने घेते, स्वयंपाक घरचाच असतो.

नाव : अमरकोशात वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा व जीवन्तिका हे चार पर्याय एकत्र दिले आहेत. कोशकर्त्या अमरसिंहाचा काळ सहसा इ. स. चौथे ते सहावे शतक असा धरतात. नावे अर्थातच त्याहून जुनी असणार, कारण चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय दशकात, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या दहा औषधींच्या यादीत, वृक्षादनी पहिलीच आहे आणि सुश्रुताच्या वीरतर्वादी या औषधिगटातही ती येते. हिंदी बांदा, गुजराती वांदो, कन्नड बंदनिके आणि तेलुगू बदनिका हे शब्द ‘वन्दा’शी जोडता येतात. मराठीत बांडगूळ व बांदगूळ अशी दोन्ही रूपे चालतात. त्यांपैकी ‘बांदगूळ’ मुळाच्या अधिक जवळचे दिसते. उत्तरार्ध ‘गुल्म’ म्हणजे झुडूप या शब्दाकडे नेण्याची कल्पना अर्थाला जुळते, पण ती अनुमान म्हणूनच घ्यावी.

खरा गुंता ओळखीचा आहे. ‘जीवन्तिका’ हे नाव त्याच अमरकोशात गुळवेलीलाही दिले आहे. दोन्ही वनस्पती झाडाच्या आधाराने राहतात आणि तोडल्या तरी सहजी मरत नाहीत, एवढे साम्य नाव सामायिक व्हायला पुरेसे झाले असावे. पुढे बंगालमध्ये जीवंती म्हणून डेंड्रोबियम प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) एक आमर (ऑर्किड) वापरात आले. ‘वन्दा’ शब्दाचेही असेच झाले. सर विल्यम जोन्स यांनी १७९५ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये एका भारतीय आमराचे वर्णन ‘वंदा’ या नावाने केले, रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये ती प्रजाती रूढ केली आणि आज जगभर व्हँडा म्हटले की फुलवाल्यांच्या डोळ्यांपुढे आमरच येते. तेच आमर बंगालमध्ये रास्ना या औषधीच्या नावानेही विकले गेले. आमर फांदीवर फक्त बसते. त्याची मुळे सालीत घुसत नाहीत. तेव्हा संस्कृत ‘वन्दा’चा अर्थ मुळात झाडावर उगवणारे काहीही असा सैल होता, की तो बांडगुळाचाच होता, यावर दोन मते आहेत. ‘वृक्षादनी’ म्हणजे झाड खाणारी. हे नाव आमराला लागू पडत नाही, म्हणून वैद्यकातील वृक्षादनी तरी बांडगूळच मानणे सयुक्तिक वाटते. ग्रीक नावाचाही रोख तोच आहे : डेंड्रॉन म्हणजे झाड, फ्थोए म्हणजे क्षय.

वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यात असा : वनस्पतिशास्त्रज्ञ धाकट्या लिनीअस यांनी लोरँथस फॅल्काटस म्हणून नोंदलेली ही जाती एटिंग्सहाउझेन यांनी डेंड्रॉफ्थी प्रजातीत हलवली. एके काळी लोरँथस ही एकच प्रचंड प्रजाती होती. व्हान टीगेम यांनी तिचे अनेक तुकडे केले. डान्सर यांनी १९३० च्या सुमारास आशियातील जातींची घडी नव्याने बसवली आणि आजची विभागणी मुख्यतः त्यांच्याच मार्गाने जाते.

वर्णन : यजमान (ज्यावर बांडगूळ पोसते त्या) झाडाच्या फांदीवर जिथे ते चिकटते तिथे मुठीएवढी, कधी त्याहून मोठी गाठ येते. तिथून आडव्या धावत्या मुळ्या सालीवरून सरकतात व ठिकठिकाणी नवी शोषके आत सोडतात. पाने जाड, चामड्यासारखी, आकाराने फार बदलती. फुले नळीसारखी, किंचित वाकडी, नारिंगी ते शेंदरी, क्वचित फिकट, टोकाला हिरवट. पिकलेले फळ बोटांत दाबले की देठाकडची बाजू धरून राहते आणि आतले बी चिकट गरासह बाहेर उडी घेते. बोट मागे घेतले तरी पारदर्शक तार तुटत नाही, लांबत जाते. सगळ्या प्रसाराचे रहस्य या तारेत आहे.

या बीला खरे तर बी म्हणता येत नाही, कारण त्याला बीजावरण नसते. किंजपुटात, म्हणजे फुलाच्या ज्या भागाचे फळ होते त्यात, नेहमीच्या अर्थाचे बीजांडही नसते. गर्भकोश (अंडपेशी असलेले कोश) अनेक असतात आणि ते लांबत किंजलात, म्हणजे किंजपुटावरच्या दांड्यात, वर चढतात. फलन वर होते आणि लांबलचक निलंबक (भ्रूणाचा देठ) भ्रूणाला पुन्हा खाली, अनेक गर्भकोशांच्या मिळून बनलेल्या पुष्कात (भ्रूणाच्या अन्नसाठ्यात) ढकलतो. हा उलटा प्रवास उलगडण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी व त्यांच्या दिल्ली विद्यापीठातील सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. लोरँथेसीच्या फुलाविषयी जुन्या पुस्तकांतील वाक्ये त्यामुळे जपूनच वाचावीत.

पक्षी : परागणाचे काम मुख्यतः शिंजीर हे मध पिणारे पक्षी करतात व बी पसरवण्याचे काम फुलटोचे हे चिमुकले पक्षी करतात. सिलोनमधील (श्रीलंकेतील) लोरँथेसी व पक्ष्यांविषयी कीबल यांनी १८९६ मध्ये लिहिले होते. कोकणातील निरीक्षणांवरून सालीम अली यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या दोन्ही पक्षिकुलांची भूमिका मांडली. फुलटोच्या फळ अख्खे गिळतो. थोड्याच मिनिटांत बी बाहेर येते, पण सहजी गळून पडत नाही. पक्षी शेपटीखालचा भाग फांदीवर घासतो आणि बी तिथेच चिकटते. हा लहानसा पक्षी फळे जिथे असतील तिथेच घुटमळतो, म्हणून एका झाडावर गुच्छावर गुच्छ दिसतात आणि शेजारचे झाड मात्र कोरे राहते. निलगिरीतील काही बांडगुळांची पक्व कळी व पिकलेले फळ दिसायला सारखी असतात, आणि फुलटोच्याने कळी चोचीत दाबली की ती उघडते, असे प्रिया दवीदार यांनी १९८३ मध्ये दाखवले. हे अनुकरण आहे की योगायोग, हा वेगळा प्रश्न. अनुकरणाची बाजू अधिक पटते.

लागण : मुद्दाम बांडगूळ लावण्याचे प्रसंग थोडे : प्रयोग, फुलपाखरांसाठी राखलेली बाग, किंवा ठरावीक यजमानावरचे औषधी द्रव्य हवे असल्यास. माती लागत नाही. बी वाळले की मरते, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. फळ पिकताच वापरावे. गर दाबून बी काढावे आणि पेन्सिल ते बोट एवढ्या जाडीच्या, पातळ सालीच्या जिवंत फांदीवर, शक्यतो बाजूला किंवा खालच्या अंगाला टेकवावे. त्याचाच चिकटा त्याला धरून ठेवतो. कशानेही झाकू नये. भ्रूण हिरवा असतो, त्याला उजेड लागतो. अंकुर उजेडापासून दूर, म्हणजे सालीकडे वळतो, टोकाशी चकतीसारखा पसरतो आणि त्या चकतीखालून शोषक आत शिरते. इथेच बहुतेक रोपे मरतात. रुजणे सोपे, आत शिरणे अवघड. जाड मृत सालीवर बी रुजूनही वाळून गेले तर दोष बियाचा समजू नये.

यजमानाची निवड हा पुढचा सगळा व्यवहार ठरवणारा निर्णय आहे. या एका जातीचे यजमान म्हणून सुमारे चारशे जातींची नोंद आहे : आंबा, चिकू, पेरू, साग, कडुनिंब, मोह, शिरीष आणि कितीतरी. फळबागेजवळ मात्र हा प्रयोग करू नये, कारण पुढच्या बिया फुलटोचे वाटतात आणि त्यांना कुंपण कळत नाही. यजमानाशिवायही भ्रूण वाढवता येतो, हे जोहरी व बजाज यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृत्रिम माध्यमावरील प्रयोगांत दिसले. प्रयोगशाळेबाहेर त्याचा उपयोग नाही.

उपयोग : संहितांतील निर्देश मुख्यतः मूत्रविकार, मुतखडा व वातविकार यांसाठी आहेत. तंत्रग्रंथांत अमुक झाडावरचा वंदाक (बांडगूळ) अमुक नक्षत्रावर काढावा असे विधी येतात. त्यांचे फळ काय, हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती : बांडगूळ कोणत्या झाडावरचे, यावर ते काय आहे हे ठरते. यजमानाच्या काष्ठवाहिन्यांतून पाण्याबरोबर त्याची रसायनेही येतात. याचा सर्वांत ठळक पुरावा काजऱ्याचा, म्हणजे कुचल्याचा आहे. कटक भागात कुचल्यावर वाढणारे व्हिस्कम (बांडगुळासारखीच झाडावर पोसणारी दुसरी प्रजाती) विषारी असते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओशॉनेसी यांना त्यात स्ट्रिक्नीन व ब्रूसीन सापडले. पानांचे चूर्ण झाल्यावर ते आंब्यावरचे होते की काजऱ्यावरचे, हे नजरेने ओळखू येत नाही. म्हणून यजमानाची खात्री नसलेले बांडगूळ पोटात घेऊ नये. चीनमध्ये बांडगुळाच्याच कुलातील टॅक्सिलस या प्रजातीचे तुतीवरचे औषध तुतीच्याच नावाने ओळखले जाते, आणि इंडोनेशियात चहाच्या झुडपावरच्या बांडगुळाला वेगळे मोल आहे. पानांत क्वेर्सिट्रिन व टॅनिने असतात. पाने शेळ्यांना चारतात, साल सुपारीऐवजी चघळल्याची नोंद आहे, पिकल्या फळाचा गर गोडसर असतो.

हळदीकुंकू या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवरच पोसतात. मादी पानाच्या पाठीवर अंडी पुंजक्याने घालते, आणि अळ्याही एका रांगेत, खांद्याला खांदा लावून पान खातात. बागेतून बांडगूळ पार नाहीसे केले की हे फुलपाखरूही दिसेनासे होते.

उपद्रव व नियंत्रण : बांडगूळ यजमानापेक्षा अधिक पाणी हवेत सोडते, त्यामुळे उन्हाळ्यात गाठीपलीकडची फांदी आधी वाळते. फळझाडांचे व सागाच्या लागवडीचे नुकसान मोठे असते. नुसता गुच्छ ओढून तोडला तर आतल्या शोषकातून तो पुन्हा फुटतो. फांदी गाठीच्या खाली निदान हातभर अंतरावर, फळे पिकण्यापूर्वी कापावी. मोरचूद किंवा तणनाशके खोडात टोचण्याचे प्रयोग झाले आहेत, पण तोच रस यजमानातही फिरत असल्याने करवत अधिक भरवशाची.

सह्याद्रीत याच कुलातील हेलिकँथिस इलास्टिका, मॅक्रोसोलेन, टॅक्सिलस व स्कुरुला यांच्या जाती भेटतात. व्हिस्कम कॅपिटेलॅटम ही जाती तर बांडगुळावरच वाढते : आंब्याच्या फांदीवर बांडगूळ, बांडगुळाच्या फांदीवर हे दुसरे, आणि तिघांचेही पाणी आंब्याच्या मुळांचे.