बूट होताना स्क्रीन कोणाची? लिनक्स स्प्लॅशची जुनी कहाणी

लिनक्स चालू होताना आता जो गुळगुळीत लोगो दिसतो ना, म्हणजेच स्प्लॅश, त्याच्यामागे वीसेक वर्षांची मारामारी आहे. आधी नुसत्या काळ्या स्क्रीनवर धडाधड पळणाऱ्या ओळी, आणि फ्रेमबफर (स्क्रीनवर चित्र काढायची सोय) चालू असेल तर वर डाव्या कोपऱ्यात लिनक्सचा टक्स पेंग्विन, तोही प्रोसेसर जितके तितके! टक्सचं चित्र लॅरी युइंगचं, १९९६ चं. म्हटलं तर पहिला स्प्लॅश तोच.

चित्र दाखवणं सोपं हो, पण बूट होईपर्यंत स्क्रीनचा ताबा फर्मवेअर (मशीनमधलाच प्रोग्राम), बूटलोडर (लिनक्सला उठवणारा), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि शेवटी एक्स सर्व्हर (खिडक्या, चित्रं दाखवणारा) असा हातोहात फिरायचा, आणि जो यायचा तो स्वतःचा मोड (रिझोल्यूशन वगैरे) सेट करायचा, म्हणून मध्ये मध्ये स्क्रीन काळी व्हायची. यावर प्रत्येक डिस्ट्रोने, म्हणजे सुसे, उबंटू असल्या लिनक्सच्या अवतारांनी, आपापला जुगाड केला. सुसेवाल्यांनी कर्नललाच पॅच मारला, म्हणजे त्याच्या कोडमध्येच बदल केले, जेंटूचा एफबीस्प्लॅशही पॅचच, पण मेन कर्नलमध्ये असलं काही शिरलं नाही (२०१७ मध्ये सुसेकडून परत एक प्रयत्न झाला, तोही बारगळला). रेड हॅटचा आरएचजीबी हा स्प्लॅश तर अजबच, २००३ च्या त्यांच्याच फेडोरा कोअर १ मध्ये नुसता प्रोग्रेस बार दाखवायला अख्खा एक्स सर्व्हर आधी उठवायचा, मग तो मारून लॉगिनसाठी दुसरा. उबंटूने ५.१० पासून यूस्प्लॅश आणला, त्यात रंग मोजून १६.

गाडी रुळावर आली ती २००८ मध्ये. मोड सेट करायचं काम एक्सकडून काढून कर्नलकडे गेलं, यालाच केएमएस म्हणतात, आणि त्याच्या जोरावर फेडोरा १० मध्ये प्लायमाउथ हा नवा स्प्लॅश आला. सुरुवातीला ठरावीक रेडिऑन ग्राफिक्स कार्डांवरच नीट चालायचा, बाकीच्यांना खाली तीन रंगांची पट्टी. उबंटूने १०.०४ ला तोच घेतला, पण एनव्हिडियाचा क्लोज्ड-सोर्स ड्रायव्हर टाकला की सगळा थाट उतरायचा. आरएचजीबी कधीच गेला, पण फेडोरात कर्नलला सूचना द्यायच्या ओळीत त्याचं नाव अजून आहे.

गंमत म्हणजे २००८ मध्येच इंटेलच्या अर्जान व्हॅन डे व्हेन आणि ऑके कॉक यांनी ईईई पीसी हा छोटा लॅपटॉप ५ सेकंदांत बूट करून दाखवला, आणि त्यांना स्प्लॅश हा प्रकारच नको होता. बरोबरच आहे म्हणा, बूट लवकर झालं तर झाकायचं काय? पुढे सिस्टमडी (बूट होताना बाकीचे प्रोग्राम झटपट उठवणारा) आणि एसएसडी आल्यावर तर लोगो दिसतो न दिसतो तोच लॉगिन.

शेवटचा टप्पा २०१९ चा, फेडोरा ३०. हान्स डी गोडे यांनी फर्मवेअरच्या बीजीआरटी टेबलमधून (लोगो तिथे ठेवलेला असतो) मशीन बनवणाऱ्या कंपनीचाच लोगो उचलला, तो लॉगिनपर्यंत न लुकलुकता तसाच ठेवला. पुढच्या वर्षी उबंटू २०.०४ ने तेच केलं. म्हणजे डिस्ट्रोचा लोगो गेला खाली, मधली जागा हार्डवेअरवाल्याची, इतकी भांडणं कशासाठी केली मग!

मला तर ओळीच आवडतात, म्हणून मी ग्रब या बूटलोडरमधून क्वाएट (ओळी लपवणारा) आणि स्प्लॅश हे दोन्ही पर्याय उडवले होते. मग डिस्क एन्क्रिप्ट केली तर पासवर्डचा प्रश्न त्या ओळींच्या गर्दीत असा बुडाला, की मशीन अडकलं समजून मी दहा मिनिटं बघत बसलो. गुपचूप दोन्ही परत टाकले. ओळी बघायच्या असल्या की एस्केप दाबतो.