गेलेले अठरा जीबी आणि न गेलेली मुंज

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त काका राहतात. परवा त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "पैसे घेतले २५६ जीबीचे, आत निघाले जेमतेम २३८. अठरा जीबी दुकानदारानं खाल्ले. वर सी ड्राइव्ह लालेलाल. नातवाच्या मुंजीचं अख्खं शूटिंग पेन ड्राइव्हवर घेऊन इथनं उडवलं, तरी काटा हलेना!" एका दुरुस्तीवाल्यानं तर 'व्हायरसनं जागा खाल्लीय' असं निदान करून फॉरमॅट मारायचे पैसेही मागितले होते.

अठरा जीबींचा निकाल लगेच लागतो. दुकानदार निर्दोष आहे. डिस्क बनवणारे जीबीतला, म्हणजे गिगाबाइटमधला, गिगा १०० कोटी धरतात. विंडोज मात्र १०२४ चा घन, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ धरते. २५,६०० कोटी बाइटना या मोठ्या मापानं भागा, २३८.४ येतात. ऐंशी तोळ्यांचा जुना शेर होता ०.९३३ किलोचा. २५६ शेर गूळ आणून किलोच्या काट्यावर टाकला तर भरेल सुमारे २३९ किलो. गूळ कुणी खाल्लेला नाही, माप बदललंय. या १०२४वाल्या मापाला १९९८ साली गिबीबाइट असं वेगळं नाव मिळालं आणि मॅकवाले २००९ पासून सरळ दशमानात मोजू लागले. विंडोज अजून माप एक वापरते आणि नाव दुसऱ्याचं लावते.

आता मुंज. डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते, आणि बिन म्हणजे त्याच ड्राइव्हवरचं एक लपवलेलं फोल्डर. माळ्यावरची अडगळ पलंगाखाली सरकवली, एवढंच झालं. बिन रिकामी केली की जागा मिळते. पण ती मिळते कशी, ही खरी गंमत आहे.

चाळीस जीबीचं शूटिंग पेन ड्राइव्हवर चढायला चहा होऊन वर पेपर वाचून होतो. तेच उडवायला दोन-चार सेकंद. एवढा मजकूर खरंच पुसला असता, तर त्यालाही वेळ नको का लागायला?

नारायण पेठेतला जुना वाडा आठवा. जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांची पाटी. तुमची डिस्क म्हणजे असा कोट्यवधी खोल्यांचा वाडा, एकेक खोली बहुधा ४ किलोबाइटची. कोणत्या फाइलचं सामान कोणत्या खोल्यांत आहे, याची एक वही विंडोज ठेवते. कोणती खोली भरलेली, कोणती मोकळी, याचा तक्ता वेगळा. त्यात खोलीमागे फक्त एक किंवा शून्य. फाइल कायमची डिलीट केली की वहीतल्या ओळीवर 'सोडून गेले' अशी खूण होते आणि तक्त्यातल्या एकांचे शून्य होतात. बस्स! खोलीतलं कपाट, पलंग, मुंज्याचा फोटो, सगळं जागच्या जागी. नवा भाडेकरू येईल तेव्हा जुनं सामान जाईल. हरवलेले फोटो परत आणून देणारी सॉफ्टवेअरं जादू करत नाहीत. ती बंद खोल्यांत डोकावतात.

हे झालं फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचं. काकांच्या लॅपटॉपमध्ये आहे एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, आणि तिथला मामला जास्त रंगतदार आहे. या चिपमध्ये एकेका बारीक कोठडीत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात, भोवती विद्युतरोधक थर. वाट नसताना ते आत शिरतात टनेलिंगनं, म्हणजे पुंजभौतिकीच्या कृपेनं. ते किती कोंडले यावरून बिट वाचायचे. एका कोठडीत तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. बाहेर काढायला मात्र चिपच्या तळाशी मोठा विद्युतदाब द्यावा लागतो आणि तो एकट्या कोठडीला देता येत नाही, सगळ्या गटाला बसतो. शाळेतल्या दगडी पाटीसारखं. लिहायचं ओळीओळीनं, पण पुसायचं तर ओल्या फडक्यानं अख्खी पाटी. जपानच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ही स्मृती जगापुढे मांडली. एका झटक्यात सगळं पुसलं जाणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, म्हणून नाव पडलं फ्लॅश.

आता पाहा. पाटीवर शंभर ओळी आहेत, त्यातल्या नव्वद मेलेल्या. जागा हवी असेल तर जिवंत दहा दुसऱ्या पाटीवर उतरवा, मग ही पुसा. पण मेलेल्या कोणत्या, हे डिस्कला कळणार कसं? वही तर विंडोजची! तिनं सांगितलं नाही, तर बिचारी डिस्क उडवलेली मुंज जिवापाड जपत या पाटीवरून त्या पाटीवर उतरवत बसेल. म्हणून ट्रिम नावाची आज्ञा आली. विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. या ओळी आता नकोत, असं डिस्कला कळवलं जातं आणि डिस्क सवडीनं पाट्या पुसून ठेवते. त्यामुळे एसएसडीवरून उडवलेलं परत मिळण्याची आशा फारशी धरू नये. डिस्क काठोकाठ भरली की कोऱ्या पाट्या कमी पडतात, उतरवाउतरव वाढते आणि संगणक रखडतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा म्हणतात ते यासाठी.

जाता जाता, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश मारणाऱ्यांना: त्यानं पडद्यावरची चित्रं पुन्हा काढली जातात, बाकी काहीही नाही. खंडेनवमीला सीपीयूवर झेंडू वाहतो तो निदान छान दिसतो. 'एका क्लिकमध्ये दुप्पट वेग' विकणारे बूस्टर तर स्वतःच जागा अडवून बसतात.

खरी अडगळ नेहमीचीच. डाउनलोड्स फोल्डर उघडा, वीज बिलाच्या त्याच पीडीएफच्या सात प्रती निघतील. मोठ्या अपडेटनंतर उरलेली जुनी विंडोज बहुधा दहा दिवसांत आपोआप जाते. घाई असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढा. हायबरनेशनची, म्हणजे संगणक बंद होताना चालू काम जिच्यात जपलं जातं ती, फाइल साधारण रॅमच्या चाळीस टक्के जागा धरते. फोटो झिप करून मात्र काही साधत नाही, जेपीजी आधीच दाबलेला असतो. आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये हातानं काही उडवू नका.

काकांची बिन आम्ही रिकामी केली, लाल पट्टी निळी झाली. शेराचं गणित मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी ते दोनदा तपासलं, मग फाइलमधून बिल काढलं, २५६ च्या पुढे पेन्सिलीनं कंसात 'शेर' लिहिलं आणि परत फाइलला लावलं.