शेफिल्डची सिल्व्हर प्लेटेड कटलरी

आतून निकेल सिल्व्हर हा मिश्रधातू आणि वरून खऱ्या चांदीचा मुलामा असलेले चमचे, काटे, वाढायचे डाव वगैरे म्हणजे सिल्व्हर प्लेटेड कटलरी. पॅरिस, जर्मनी, अमेरिका, सगळीकडे असा माल बनायचा पण इंग्लंडच्या शेफिल्डचा दबदबा वेगळाच होता, कारण तिथे सुऱ्या-कात्र्या बनवणारी घराणी शेकडो वर्षं आधीपासून होती आणि कसबी माणसं गल्लोगल्ली मिळायची.

शेफिल्डमध्ये मुलाम्याची सुरुवातही जुनीच. 1740 च्या दशकात थॉमस बोल्सओव्हर या कारागिराच्या लक्षात आलं की तांबं आणि चांदी एकत्र तापवली की असे घट्ट चिकटतात की मग लाटून पातळ पत्रा केला तरी सुटत नाहीत. हीच ओल्ड शेफिल्ड प्लेट. पण कापलेल्या कडेला तांबं दिसायचं, त्यामुळे चमचे-काट्यांना ही पद्धत फारशी सोयीची नव्हती. मग 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या चुलतभावांनी विजेने मुलामा चढवायचं पेटंट घेतलं, त्यातलं मुख्य गुपित म्हणजे पोटॅशियम सायनाइडचं द्रावण, आणि ते शोधलं होतं जॉन राइट नावाच्या सर्जनने. आपल्याकडे कल्हई तापलेल्या भांड्यावर हाताने फिरवतात, इथे तयार चमचा त्या द्रावणाच्या हौदात टांगून वीज सोडायची, मग चांदीची पाटी झिजत जाते आणि तीच चांदी चमच्यावर बसत जाते. जितका वेळ ठेवाल तितका थर जाड.

चमच्यामागे ई.पी.एन.एस. लिहिलेलं असतं ते म्हणजे इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर. या निकेल सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, जस्त आणि निकेल एवढंच, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच हे. पुष्कळ जण इथेच फसतात, कारण कंपन्या आपली अक्षरं छोट्या चौकटींत ओळीने अशी ठोकायच्या की लांबून हॉलमार्कच वाटावा. अस्सल इंग्लिश चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा शिक्का असतो आणि शेफिल्डमध्ये तपासलेल्या चांदीवर 1975 पर्यंत सोबत मुकुटही असायचा. जर्मन मालावर बऱ्याचदा 90 आकडा दिसतो, म्हणजे बारा चमचे आणि बारा काटे मिळून 90 ग्रॅम चांदी वापरली. ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते, इंग्लिश मालावरच्या ए वन या दर्जाच्या शिक्क्यावरून चांदी नक्की किती ते कळतच नाही.

कंपन्या जवळपास सगळ्या घरच्या. जेम्स डिक्सन अँड सन्स 1806 पासूनची, डॉन नदीकाठी कॉर्निश प्लेस नावाचा त्यांचा प्रचंड कारखाना होता. मॅपिन घराण्याचा वारसा 1775 पर्यंत मागे जातो, त्यातल्या जॉन न्यूटन मॅपिनने मेहुणा जॉर्ज वेबबरोबर मॅपिन अँड वेब उभी केली आणि त्याच नावाच्या त्याच्या काकाच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून शहराला 1887 मध्ये आर्ट गॅलरी मिळाली. वॉकर अँड हॉल 1845 ची, छोटा झेंडा हा त्यांचा मार्क, नाव वॉकर आणि हॉलचं राहिलं पण पुढे कारभार बिंगहॅम घराण्याने चालवला.

मालावर नाव मालकाचं असलं तरी चमक आणली ती बायकांनी. साच्यात ठोकून आलेला चमचा खरबरीत असतो, तो मुलाम्याआधी फिरत्या चाकावर तेल आणि बारीक वाळूने घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि हे काम करणाऱ्या मुलींना शेफिल्डमध्ये बफर गर्ल्स म्हणायचे. डोक्याला फडकं, अंगावर ब्राऊन पेपरचे एप्रन, तरी दिवसाअखेर सगळ्या काळ्याकुट्ट. त्यांचं नाव कुठल्याच चमच्यावर नाही आणि ही गोष्ट या वस्तूंबद्दल लिहिताना सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

1913 मध्ये शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस स्टील काढलं आणि हळूहळू मुलाम्याच्या मालाची गरज कमी होत गेली. तरी 1953 मध्ये डिझायनर डेव्हिड मेलरचं प्राइड नावाचं कटलरीचं डिझाइन वॉकर अँड हॉलनेच बाजारात आणलं, ते बघितलं की कळतं या लोकांना नवीन काही जमत नव्हतं असं अजिबात नाही. 1963 मध्ये एल्किंग्टन, मॅपिन अँड वेब आणि वॉकर अँड हॉल ब्रिटिश सिल्व्हरवेअर या एका कंपनीत आल्या, पण ते फार वर्षं टिकलं नाही. कॉर्निश प्लेसमध्ये आता फ्लॅट आहेत.

मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अशी जुनी कटलरी अजून बघायला मिळते. घेताना चमचा उलटा करून जिथे तो टेबलावर टेकतो ती जागा आणि काट्याची टोकं बघा, पिवळसर दिसलं तर मुलामा उडालाय. पुन्हा चढवता येतो पण खर्च बऱ्याचदा चमच्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. सुरीची मूठ हस्तिदंताची वाटली तर लांबच राहा, भारतात त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. टूथपेस्टने घासू नका, थर आधीच पातळ असतो. अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि मिठाने खड्डे पडतात, म्हणून जेवण झाल्याझाल्या धुवून लगेच कोरडं करायचं.