नाशिकमध्ये पिण्याच्या पाण्याची तपासणी: अर्ज कुठे करायचा, काय न्यायचं, नमुना कसा घ्यायचा

नळाला गढूळ पाणी आलं किंवा इमारतीतल्या दोन-तीन घरांत एकदम जुलाब-उलट्या सुरू झाल्या, की लोक विचारतात, तक्रार कुठे करायची? त्याआधी पाणी नेमकं कुठे बिघडलं ते शोधायला हवं. महापालिकेच्या जलवाहिनीत, सोसायटीच्या टाकीत की बोअरवेलमध्ये, यावर अर्ज कोणाकडे जाणार ते ठरतं. म्हणून सोसायटीत राहणाऱ्यांनी दोन नमुने घ्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन. एक थेट लाइनच्या नळाचा, म्हणजे पाणी खालच्या टाकीत पडण्याआधीचा. दुसरा गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा. पहिला चांगला आणि दुसरा खराब निघाला तर टाकी धुऊन घेणं हे सोसायटीचं काम. पहिलाच खराब असेल तर जबाबदारी महापालिकेची.

अर्ज कोणी, कुठे करायचा

शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांचं पाणी मिळतं. महापालिकेच्या नळाबद्दल तक्रार असेल तर आपल्या विभागीय कार्यालयातल्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी अर्ज द्या. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. भाडेकरूनेही अर्ज करावा. पाणी पिणारा तोच आहे, घरमालकाची वाट बघत बसू नये.

स्वतःची बोअरवेल, विहीर किंवा टँकरच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा आहे. तालुक्यांसाठी उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनपासून अशा प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठीही नाममात्र शुल्कात खुल्या झाल्या आहेत. शुल्क भरल्याची पावती आणि नमुना क्रमांक मागून घ्या. अहवाल मिळवताना तोच क्रमांक सांगावा लागतो.

गावात सुरुवात ग्रामपंचायतीपासून करा. रोज टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं आणि ओटी टेस्टने, म्हणजे थेंब टाकून पाण्याला येणाऱ्या पिवळ्या रंगावरून, नळाच्या पाण्यातला क्लोरीन बघणं हे जलसुरक्षकाचं, म्हणजे पाण्याची देखभाल करणाऱ्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचं काम. गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच (जागेवरच पाणी तपासायची पेटी) वापरायचं प्रशिक्षण देण्याची जलजीवन मिशनची तरतूद आहे, त्यांनाही विचारा. पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला धोक्यानुसार लाल (जास्त), पिवळं (मध्यम) किंवा हिरवं (कमी) कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे ग्रामसभेत विचारायला संकोच करू नका.

सोबत काय न्यायचं

ओळखपत्राची प्रत, मोबाइल क्रमांक आणि नळजोडणी असेल तर ताज्या पाणीपट्टी बिलाची प्रत. सोसायटीचा अर्ज लेटरहेडवर, सचिवांच्या सहीशिक्क्यासह. तपासणी शाळा, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीची असेल तर त्यांचं पत्र. अन्न परवान्यासाठी अहवाल हवा असेल तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच लागेल, हे आधी विचारून घ्या. अर्जात पाण्याचा स्रोत, नेमकी जागा, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ लिहा, शंकेचं कारणही लिहा. ‘पाणी खराब आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘चार दिवसांपासून पाणी सुटल्यावर सुरुवातीला गटाराचा वास येतो, नंतर कमी होतो’ असं लिहिलंत तर अभियंत्याला गळती शोधायचा धागा मिळतो. पुरवठा बंद असताना फुटक्या वाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून सुरुवातीचं पाणी जास्त घाण असतं. एक प्रत कार्यालयात द्या, दुसरीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या.

नमुना

कागद नीट जमवून लोक नमुन्यात चुकतात, आणि मग सगळी धावपळ वाया जाते. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा आणि ती विसळू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते धुऊन गेलं तर उरलेला क्लोरीन वाटेतच जंतू मारतो आणि दूषित पाण्याचा अहवाल चांगला येतो. नळ पुसून घ्या, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवा, 24 तासांच्या पुढे मुळीच नको. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन चालतो, तो मात्र त्याच पाण्याने विसळायचा. किती पाणी लागेल ते प्रयोगशाळेलाच विचारा.

अहवाल वाचताना

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500:2012. त्यानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) मुळीच आढळता कामा नये. सामू (पीएच) 6.5 ते 8.5. गढूळपणा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक). दुसरा स्रोत नसेल तर 5 पर्यंत चालतो. विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅम प्रतिलिटर, पर्याय नसेल तर 2000 पर्यंत. फ्लोराइड 1, पर्याय नसेल तर 1.5. नळापर्यंत आलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. गढूळपणाकडे दुर्लक्ष करू नका, कारण गाळाच्या कणांआड जंतू क्लोरीनपासून वाचतात.

नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि पर्याय नसला तरी तिला सवलत नाही. निफाड, दिंडोरीकडे शेताला लागून असलेल्या विहिरींचं पाणी वापरणाऱ्यांनी, विशेषतः घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर, ही तपासणी जरूर करावी. जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. फिल्टर विकणारे दारात टीडीएसचं (एकूण विरघळलेले क्षार मोजणारं) पेन बुडवून आकडा दाखवतात. त्या आकड्याने जंतूही कळत नाहीत आणि एकटं नायट्रेटही नाही. त्यावरून पाण्याची पारख करू नका.

अहवाल ‘पिण्यास अयोग्य’ आला तर त्याची प्रत जोडून नवा अर्ज द्या आणि दुरुस्तीनंतर त्याच नळाची फेरतपासणी मागा. उत्तर येईपर्यंत पाणी कोणत्या कारणाने अयोग्य ठरलं ते पाहा: जंतूंमुळे असेल तर उकळून प्या, नायट्रेट किंवा फ्लोराइडमुळे असेल तर दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा. महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने काहीच कळवलं नाही, तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून आपल्या भागातल्या नमुन्यांचे मागच्या सहा महिन्यांचे अहवाल मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. उत्तराची मुदत 30 दिवस. ती उलटली तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील दाखल करा.