हेअर ट्रान्सप्लांटचा विमा क्लेम: कोणाचा बसतो, कागद कुठे अडतात आणि हप्त्यांच्या कागदावर सही करण्याआधी काय बघायचं

हेअर ट्रान्सप्लांटचा क्लेम नाकारल्याचं पत्र बहुतेक वेळा दोन ओळींचं असतं: शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे, पॉलिसीतून वगळलेली आहे. ज्यांचं टक्कल आनुवंशिक आहे त्यांच्या बाबतीत हे पत्र बरोबरच आहे. कपाळावरून मागे सरकत गेलेले किंवा डोक्याच्या मधोमध विरळ झालेले केस परत लावायला आपल्याकडच्या नेहमीच्या आरोग्य विम्यातून पैसे मिळत नाहीत. एजंटाने काहीही सांगितलेलं असो. पण हेच पत्र भाजून डोक्यावर व्रण राहिलेल्या किंवा अपघातात टाळू सोलवटलेल्या माणसालाही येतं, आणि तोही ते मुकाट घडी घालून कपाटात ठेवून देतो. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

अर्धं वाचलेलं कलम

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी वगळलेल्या गोष्टींची भाषा एकसारखी केली. तुमच्या पॉलिसीत ‘एक्सक्लूजन्स’ (काय मिळणार नाही) या भागात कोड ०८ शोधा. सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी, रूप बदलण्यासाठीचे उपचार यांचा खर्च मिळणार नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. लोक इथपर्यंतच वाचतात. वाक्य मात्र पुढे चालू असतं: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना असेल तर हा नियम लागू नाही. शरीराला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेच्या उपचाराचा ती भाग असेल, तरीही नाही. फक्त ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने लेखी प्रमाणित केलेली हवी.

म्हणजे सगळं येऊन ठरतं ते केस कशाने गेले यावर. भाजल्याचा व्रण, यंत्रात केस अडकून झालेली जखम, कॅन्सरची गाठ काढल्यावर किंवा रेडिएशननंतर कायमचा राहिलेला केस नसलेला भाग, यांना मागणी करायला आधार आहे. केमोथेरपीत गेलेले केस बहुधा परत येतात, त्यामुळे तिथे ट्रान्सप्लांटचा प्रश्न सहसा येतच नाही. चाई पडली असेल तर ट्रान्सप्लांट हा मुळात तिचा नेहमीचा उपचार नाही.

अवघड जागा आहे ती लायकेन प्लॅनोपायलॅरिससारख्या आजारांची. यात केसांची मुळं जळून गेल्यासारखी नष्ट होतात आणि मागे व्रण राहतो. पण हा अपघात नाही, भाजणं नाही, कॅन्सरही नाही, म्हणून कंपनी नकार देते. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा दुखापत यामुळे करावी लागलेली प्लास्टिक सर्जरी समाविष्ट असल्याचं लिहिलेलं आहे. तुमच्या पॉलिसीत अशी ओळ असेल तर तिच्यावर बोट ठेवून भांडता येतं. मिळेलच असं आश्वासन मी देणार नाही.

दुखापत पॉलिसी घेण्याआधीची असेल तर आणखी एक गाठ आहे. पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेली दुखापत ‘आधीपासूनची’ धरतात आणि तिच्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागू शकतं. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरायच्या अर्जात, तो व्रण लिहिलेला हवा. लिहायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण लपवलेला व्रण क्लेमच्या वेळी फोटोत दिसणारच आहे.

खरी अडचण: जुना डिस्चार्ज कार्ड

कंपनी मूळ घटनेचा पुरावा मागते, आणि तो जवळजवळ कोणाकडेच नसतो. लहानपणी उकळतं पाणी अंगावर सांडलं, आईने सरकारी दवाखान्यात नेलं, केसपेपर कधीच हरवला. रुग्णालयात जाऊन विचारलं तर नोंदी नाहीत म्हणतात. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. त्याहून जुनी नोंद मिळाली तर ते नशीब समजा. त्याच नियमांत हेही आहे की रुग्णाने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्यायच्या. तेव्हा अपघात ताजा असेल तर वाट बघू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डिस्चार्ज समरी, ऑपरेशनच्या नोंदी, पोलीस प्रकरण असेल तर एमएलसी (अशा प्रकरणाची रुग्णालयाने केलेली नोंद) आणि एफआयआरची प्रत, हे सगळं आजच मागून ठेवा, केस लावायचा विचार पाच वर्षांनी करणार असलात तरी.

जुनं काहीच मिळत नसेल तर दुसऱ्या बाजूने पुरावा उभा करावा लागतो. त्वचारोगतज्ज्ञाकडून टाळूची तपासणी, गरज वाटल्यास बायोप्सी करून घ्या. त्या अहवालात व्रणामुळे केसांची मुळं नष्ट झाल्याचं आलं, तर ‘हे साधं टक्कल आहे’ हा आक्षेप बराच ढिला पडतो. जुने फोटो, तेव्हाची औषधांची चिठ्ठी, काहीही चालेल. आणि शस्त्रक्रियेआधीचे स्पष्ट, तारखेचे फोटो काढायला विसरू नका. केस लावून झाल्यावर तो व्रण कोणाला दाखवणार?

प्रमाणपत्रातले शब्द

चांगल्या क्लेमवर पाणी फिरतं ते इथे. डॉक्टर घाईत ‘पेशंट अॅडव्हाइज्ड हेअर ट्रान्सप्लांट’ एवढंच लिहून सही करतात. कंपनीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला यात कारण दिसत नाही, आणि तो फोन करून विचारत नाही. प्रमाणपत्रात चार गोष्टी स्पष्ट यायला हव्यात: घटना कोणती आणि कधीची, व्रण कुठे आणि किती मोठा, तो आनुवंशिक टकलाचा भाग का नाही, आणि ही शस्त्रक्रिया त्या घटनेनंतरची पुनर्रचना आहे हे विधान. व्रणाच्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून लावलेली मुळं तिथे कमी जगतात आणि कधी दोन टप्प्यांत काम करावं लागतं. तसा बेत असेल तर तोही लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या टप्प्याला पुन्हा पहिल्यापासून खुलासे द्यावे लागतात. डॉक्टरांना हे मागायला लाजू नका.

प्रमाणपत्र देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा दोघेही नोंदणीकृत डॉक्टर हवेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की कार्यशाळा करून किंवा व्हिडिओ बघून हेअर ट्रान्सप्लांट करण्याची पात्रता येत नाही. प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. हा प्रश्न क्लेमपेक्षा तुमच्या डोक्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

एक कळकळीची विनंती. आनुवंशिक टकलाला अपघात दाखवून देण्याची तयारी कोणी दाखवली तर तिथून उठून या. खोटी माहिती उघड झाली तर क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि मग उद्या हृदयाचं दुखणं निघालं तर हातात काही राहत नाही.

जागा आणि तारखा

ट्रान्सप्लांट बहुधा भूल फक्त त्या भागाला देऊन एका दिवसात होतं, त्यामुळे ‘हे तर ओपीडीतलं काम’ असा दुसरा नकार तयार असतो. डे केअर, म्हणजे रात्रभर दाखल न राहता केलेला, उपचार मान्य व्हायचा तर ते ठिकाण विम्याच्या व्याख्येत बसणारं रुग्णालय किंवा डे केअर सेंटर हवं: स्थानिक नोंदणी, प्रशिक्षित नर्सिंग कर्मचारी, जबाबदार डॉक्टर, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी. चकचकीत हेअर क्लिनिक यात बसेलच असं नाही. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आधीच मागा.

ठरवून केलेली शस्त्रक्रिया असेल तर आरोग्य संजीवनीत दाखल होण्याच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं असतं. संशयाचं प्रकरण असेल तर मी म्हणेन की काही आठवडे आधी सगळे कागद पाठवून लेखी उत्तर घ्या. आधी स्वतः पैसे भरून नंतर कंपनीकडून परत घ्यायचे असतील तर मुख्य कागद डिस्चार्जपासून ३० दिवसांत, आणि डिस्चार्जनंतरच्या औषधांची बिलं ते नंतरचे उपचार संपल्यापासून १५ दिवसांत द्यायची असतात. या दोन वेगळ्या मुदती आहेत. शेवटचं बिल येईपर्यंत सगळं थांबवून ठेवणारे पहिली मुदत चुकवतात. इतर पॉलिसींतले आकडे आपापल्या पॉलिसीत बघा. टाळता न येणाऱ्या कारणाने उशीर झाला तर केवळ उशिरावर खरा क्लेम नाकारू नये, असं आयआरडीएआयने २०११ पासून सांगितलेलं आहे. कारण लेखी द्या.

बाकी फॉर्म, ओळखपत्र, बँकेचा रद्द केलेला चेक, तपशीलवार बिल हे नेहमीचंच.

नकार आला तर कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा. ते सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवरही नोंदवता येतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी), एका वर्षाच्या आत. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही.

पैसे स्वतः भरायचे असतील तर

जीएसटीतून आरोग्यसेवेला सूट आहे, पण हेअर ट्रान्सप्लांट त्यातून नाव घेऊन वगळलेलं आहे. जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा दुखापतीमुळे करावं लागलं तरच सूट मिळते. म्हणजे वरचं प्रमाणपत्र इथेही कामाला येतं. विमा नाकारला गेला असला तरी बिलात कर का लावला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांवर विसंबू नका. शून्य टक्के व्याज असं काही प्रत्यक्षात नसतं, व्याज दुसरीकडे लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. रोख दिल्यास किती कमी होतील ते आधी विचारा, तो फरक म्हणजेच व्याज. कर्ज देणाऱ्याने की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, द्यायलाच हवं. त्यातला एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत, बघा, त्यात प्रोसेसिंगचे पैसेही धरलेले असतात.

कर्ज क्लिनिकशी नसून वित्तसंस्थेशी असतं. शस्त्रक्रिया रद्द झाली तरी हप्ते चालू राहतात. डिजिटल कर्जाच्या करारात कूलिंग-ऑफचा, म्हणजे मन बदलण्याचा, काळ लिहिलेला असतो, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो किती दिवसांचा आहे ते सहीआधी वाचा. आणि हप्त्यांवर पैसे भरून नंतर विम्याकडे मागणार असाल, तर क्लिनिककडून पूर्ण रक्कम मिळाल्याची, रुग्णाच्या नावाची पावती घ्या. वित्तसंस्थेचं हप्त्यांचं पत्रक पावती म्हणून लावलं की फाइल पुन्हा परत येते.