उंचीचं इंधन: इंजिनं बंद पडल्यावर प्रवासी विमानं उतरली कशी

दिल्लीहून मुंबईला येणारं विमान साधारण सुरतेच्या आसपास 36,000 फुटांवरून खाली यायला लागतं. तेव्हा इंजिनं जवळजवळ आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद गतीवर आणलेली असतात आणि पुढचं बरंचसं अंतर विमान साठवलेल्या उंचीवरच कापतं. वैमानिकांचा तोंडी हिशेब सोपा आहे: हजार फुटांत मोजलेल्या उंचीला 3 ने गुणायचं, तितके सागरी मैल आधी उतरणं सुरू करायचं. 36 गुणिले 3 म्हणजे 108 सागरी मैल, म्हणजेच 200 किलोमीटर. इंजिनं थांबली की विमान दगडासारखं कोसळतं, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. जेटमधून प्रवास केलेल्या प्रत्येकाने ग्लाइडच्या, म्हणजे इंजिनाच्या जोराविना तरंगत जाण्याच्या, अगदी जवळची अवस्था अनुभवलेली असते, फक्त ती कळत नाही.

एक किलोमीटर उंची खर्च करून विमान किती किलोमीटर पुढे जातं, तो त्याचा ग्लाइड रेशो. बोइंग 747 साठी हा आकडा 15 च्या आसपास येतो. 37,000 फूट म्हणजे 11.3 किलोमीटर, त्यामुळे वारा नसताना पल्ला साधारण 169 किलोमीटर. वजनाचा यावर परिणाम होत नाही, हे अनेकांना पटत नाही. जड विमानही तितकंच लांब जातं, फक्त जास्त वेगाने जातं. परिणाम होतो तो वेगाच्या निवडीचा. योग्य वेगापेक्षा हळू गेलं तर पंखाला उचल धरून ठेवण्यासाठी जास्त रोध सोसावा लागतो. जोरात गेलं तर हवेचं घर्षण वाढतं. दोन्हीकडे पल्ला घटतोच.

खरी अडचण वेगळी असते. जनरेटर, हायड्रॉलिक पंप आणि केबिनमधला हवेचा दाब हे सगळं इंजिनांवर चालतं. म्हणून बहुतेक आधुनिक जेटमध्ये रॅम एअर टर्बाइन, थोडक्यात रॅट, बसवलेलं असतं. हा छोटा पंखा संकटात विमानाच्या पोटाखाली उघडतो, समोरच्या हवेने फिरतो आणि सुकाणूंपुरता हायड्रॉलिक दाब, काही विमानांत वीजही देतो. त्याची मर्यादाही त्यातच आहे: विमानाचा वेग घटला की त्याची ताकद घटते, म्हणजे उतरताना, नेमक्या गरजेच्या वेळी.

या सगळ्याची एकाच दिवशी परीक्षा झाली ती 23 जुलै 1983 ला कॅनडात. एअर कॅनडाचं नवं बोइंग 767, उड्डाण 143, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमानात 69 माणसं होती. इंधन मोजणाऱ्या यंत्रणेचे दोन चॅनेल असतात, त्यांतला एक बिघडलेला होता. सर्किट ब्रेकर ओढून तो बंद ठेवला की दुसऱ्यावर मीटर नीट चालत. मॉन्ट्रियलमध्ये तपासणीसाठी ब्रेकर पुन्हा लावला गेला, मध्येच दुसरं काम आलं आणि तो तसाच राहिला. कॉकपिटमधले इंधनाचे मीटर कोरे झाले. अशा स्थितीत विमान उडायला नको होतं. पण त्या मॉडेलचे नियम अजून बदलत होते आणि देखभाल विभागाचा शब्द हाच परवाना मानण्याची सवय पडली होती.

मग टाकीच्या तळाशी असलेल्या ड्रिपस्टिकने, म्हणजे मोजकांडीने, इंधन मोजलं गेलं: 7,682 लिटर. एडमंटनपर्यंत 22,300 किलो हवं होतं. लिटरचे किलो करायला 0.803 ने गुणायला हवं होतं. वापरला गेला 1.77, जो लिटरचे पौंड करतो. आधीच्या सगळ्या विमानांचा हिशेब पौंडांत होता आणि 767 हे त्या कंपनीचं पहिलंच मेट्रिक विमान होतं. 7,682 गुणिले 1.77 म्हणजे 13,597. हा आकडा किलो समजला गेला, उरलेल्या 8,703 ला पुन्हा 1.77 ने भागलं गेलं आणि 4,916 लिटर भरले गेले. बरोबर हिशेबाने टाकीत होते 6,169 किलो, आणि भरायला हवे होते सुमारे 20,088 लिटर. विमान निघालं ते 10,100 किलोंच्या आसपास इंधन घेऊन. ते पौंडांत मोजलं तर 22,300 भरतं: आकडा बरोबर होता, एकक चुकलं होतं. ओटावाला पुन्हा ड्रिपस्टिक लावली गेली, पण गुणाकार परत 1.77 नेच झाला. फ्लाइट कॉम्प्युटरला इंधनाचा आकडा हाताने दिलेला होता, त्यामुळे तोही त्या चुकीच्या आकड्यातूनच खर्च वजा करत राहिला.

जुन्या विमानांत हा हिशेब तिसऱ्या माणसाचा, फ्लाइट इंजिनिअरचा असे. 767 दोन वैमानिकांचं विमान. तिसरी खुर्ची गेली, पण तिच्यावरचं हे काम कुणाकडे आलं ते स्पष्ट ठरलेलं नव्हतं. न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवूड यांच्या चौकशीत हीच उणीव ठळकपणे पुढे आली, आणि या घटनेतला सर्वांत महत्त्वाचा धडा आमच्या मते तोच आहे. पौंड आणि किलोची गोष्ट लक्षात राहायला सोपी म्हणून ती जास्त सांगितली जाते.

41,000 फुटांवर, ऑन्टारिओतल्या रेड लेकच्या परिसरात इंधनदाबाचे इशारे सुरू झाले. आधी एक इंजिन गेलं, काही मिनिटांत दुसरं. कॉकपिटमधले स्क्रीन काळे झाले. उरले ते होकायंत्र, कृत्रिम क्षितिज, वेग आणि उंची दाखवणारी राखीव उपकरणं. विमान किती वेगाने खाली जातंय हे दाखवणारं उपकरण त्यांत नव्हतं. दोन्ही इंजिनं नसताना योग्य वेग कोणता, हे पुस्तकात नव्हतं. कॅप्टन बॉब पिअर्सन हौशी ग्लायडर वैमानिक होते, त्यांनी अंदाजाने 220 नॉट (तासाला सागरी मैल) धरला. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी रडारवरून मिळालेलं अंतर आणि हातातली उंची यांचा मेळ घातला: 10 सागरी मैलांत 5,000 फूट खर्ची पडले, म्हणजे रेशो 12. विनिपेग गाठणं शक्य नव्हतं. गिमलीचा जुना हवाई दल तळ टप्प्यात होता. क्विंटल यांनी तिथे पूर्वी सेवा केली होती. पण त्या तळाची एक धावपट्टी आता मोटारींच्या शर्यतींसाठी वापरली जाते आणि त्या शनिवारी तिथे माणसं जमलेली आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गिमली दिसलं तेव्हा विमान फार उंच होतं. इंजिनाविना उतरताना उंची कमी पडली तर संपलंच, आणि जास्त झाली तर पुन्हा फेरी मारता येत नाही. पिअर्सन यांनी साइडस्लिप केली: सुकाणू एका बाजूला, एलेरॉन (विमान कलतं करणाऱ्या पंखांवरच्या झडपा) दुसऱ्या बाजूला, म्हणजे विमान तिरकं होऊन हवेला आडवं जातं, रोध वाढतो आणि पुढचा वेग न वाढता उंची झपाट्याने उतरते. लहान ग्लायडरमधली ही नेहमीची युक्ती, पण प्रवासी जेटमध्ये ती कोणी शिकवत नाही. वेग उतरत गेला तसं रॅट मंदावलं आणि सुकाणू जड होत गेले.

चाकं स्वतःच्या वजनाने खाली सोडली. मुख्य चाकं अडकून पक्की झाली. पुढचं चाक 767 मध्ये पुढच्या दिशेने मिटतं, म्हणून खाली येताना समोरच्या वाऱ्याची त्याला मदतच होते. तरीही ते शेवटपर्यंत लॉक झालं नाही आणि टेकल्यावर मिटलं. नाक जमिनीवर घासल्याने विमान लवकर थांबलं, पण शेपूट वर उचललं गेलं. बाहेर पडायच्या मागच्या स्लाइड (घसरगुंड्या) त्यामुळे फार उभ्या झाल्या आणि किरकोळ जखमा झाल्या त्या मुख्यतः तिथून उतरताना. जीव कुणाचाही गेला नाही. विमान दुरुस्त होऊन 2008 च्या जानेवारीपर्यंत सेवेत राहिलं.

गिमलीच्या वर्षभर आधी, 24 जून 1982 ला, ब्रिटिश एअरवेजचं 747 लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असं करत पर्थकडे निघालं होतं. रात्री जावाच्या दक्षिणेला काचांवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या, केबिनमध्ये धुरासारखा वास आला आणि दोन मिनिटांच्या आत चारही रोल्स-रॉइस इंजिनं बंद पडली. खाली गालुंगुंग ज्वालामुखी पेटलेला होता. हवामानाचं रडार पाण्याचे थेंब पाहतं; कोरडी राख त्याला दिसत नाही. ही राख म्हणजे काच आणि खडकाचा चुरा. इंजिनाच्या ज्वलनकक्षात ती वितळते, पुढे टर्बाइनच्या पात्यांवर थिजते आणि हवेची वाट आवळते.

कॅप्टन एरिक मूडी यांच्या आणि सहवैमानिकाच्या वेगदर्शकांत सुमारे 50 नॉटचा फरक दिसत होता, त्यामुळे इंजिन पुन्हा पेटवायचा योग्य वेग कोणता हेच कळेना. त्यात सहवैमानिकाचा ऑक्सिजन मास्क तुटलेला निघाला. त्याला श्वास घेता यावा म्हणून पल्ल्याचा विचार सोडून मिनिटाला 6,000 फूट अशी उतरण करावी लागली. जावाचे डोंगर ओलांडायला 11,500 फूट उंची हवी होती, नाहीतर वळून समुद्र. 13,500 फुटांच्या आसपास चौथं इंजिन पेटलं, मागोमाग उरलेली. इंजिनं थंड झाल्यावर थिजलेली काच तडकून गळाली होती. राखेने समोरच्या काचा घासून धुरकट केल्या होत्या, जकार्ताची धावपट्टी कडेच्या पट्टीतून पाहून विमान टेकवलं गेलं.

त्याच वर्षी जुलैत त्याच भागात आणखी एका 747 ला इंजिनं बंद करावी लागली, तेव्हा कुठे तो हवाई मार्ग कायमचा बंद झाला. 1989 च्या डिसेंबरात अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या 747 ने बाहेर पडायला पूर्ण जोर लावून चढण धरली आणि चारही इंजिनं गमावली, कारण जोर म्हणजे जास्त उष्णता आणि जास्त वितळलेली काच. आजची कृती म्हणूनच उलटी आहे: इंजिनं आयडलवर आणायची, तापमान वितळबिंदूखाली ठेवायचं, मागे वळायचं, इग्निशन सतत चालू ठेवायचं. जगभरात 9 ज्वालामुखी राख सल्ला केंद्रं याच मालिकेतून उभी राहिली.

गारांचं प्रकरण छोटं, पण रचना बदलणारं. 24 मे 1988 ला टाका एअरलाइन्सचं बोइंग 737-300 न्यू ऑर्लिन्सजवळ वादळातून उतरत असताना आयडलवरची दोन्ही इंजिनं पाणी आणि गारांनी विझली. पुन्हा लावली तर वेग धरेनात, नुसती तापत गेली. कॅप्टन कार्लोस दार्दानो यांनी कालव्याकाठच्या गवताच्या बांधावर विमान उतरवलं. काही दिवसांनी ते शेजारच्या रस्त्यावरून उडूनही गेलं. नंतर इंजिनाच्या नाकाचा आकार बदलला, गारा गाभ्याऐवजी बाहेरच्या झोतात जाव्यात अशी वाट केली आणि मुसळधार पावसात आयडलची गती वाढवण्याचा नियम आला.

सर्वांत लांब ग्लाइड मात्र अटलांटिकवरचा. 24 ऑगस्ट 2001, एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए330, टोरंटो ते लिस्बन, 306 माणसं. उजवं इंजिन नुकतंच बदललेलं होतं. त्यावर जुन्या प्रकारची हायड्रॉलिक नळी बसली, ती इंधनाच्या नळीला घासत राहिली आणि नळी फाटली. पहिली खूण विचित्र होती: तेलाचं तापमान कमी, दाब जास्त. इंजिनाचं तेल इंधनाने थंड होतं. इंधन भसाभस वाहू लागलं की तेल गार होतं. ही खूण वाचणं कठीण होतं आणि ती सेन्सरची चूक वाटली. पुढे दोन बाजूंच्या टाक्यांत फरक दिसला, तेव्हा तो समतोल करण्यासाठी क्रॉसफीड, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टाक्या जोडणारा झडपेचा मार्ग, उघडला गेला. त्यामुळे डावीकडचं चांगलं इंधनही गळक्या बाजूला जाऊन समुद्रात गेलं. आज गळतीचा संशय आला की क्रॉसफीड बंदच ठेवायचा, ही सूचना तिथून पक्की झाली.

दुसरं इंजिन गेलं तेव्हा अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ सुमारे 65 सागरी मैलांवर होता. मार्गावरच्या गर्दीमुळे विमान आधीच दक्षिणेला सरकवलेलं होतं, म्हणून हा तळ टप्प्यात आला. कॅप्टन रॉबर्ट पिशे यांनी 19 मिनिटं ग्लाइड केला, तिथे पोचल्यावर उंची शिल्लक होती म्हणून एक पूर्ण वळसा घेतला आणि सुमारे 200 नॉटवर धावपट्टी गाठली. ब्रेकमुळे मुख्य चाकांचे सगळे 8 टायर फुटले. सगळे वाचले.

भारतातलं उदाहरण यांच्या मानाने कमी आठवलं जातं. 15 नोव्हेंबर 1993 ला इंडियन एअरलाइन्सचं ए300 मद्रासहून हैदराबादला गेलं, दृश्यमानतेअभावी उतरू शकलं नाही, आणि फ्लॅप (कमी वेगात उतरण्यासाठी पंखांमागे बाहेर काढायच्या झडपा) पूर्ण आत न जाताच परत मद्रासकडे वळलं. फ्लॅप बाहेर असले की रोध वाढतो आणि त्याच अंतराला कितीतरी जास्त इंधन लागतं. ते तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरलं. सात वर्षांनी, जुलै 2000 मध्ये हापाग-लॉइडच्या ए310 ची चाकं आत गेली नाहीत. विमानाचा कॉम्प्युटर त्या जादा रोधाचा हिशेब धरत नव्हता, तरी त्याच्याच आकड्यावर विसंबून ते पुढे नेलं गेलं आणि व्हिएन्नाच्या धावपट्टीच्या थोडं अलीकडे गवतात आदळलं. दोन्हीकडे माणसं वाचली. पण चाकं किंवा फ्लॅप बाहेर असतील तर सर्वांत जवळचा विमानतळ, हा नियम दोनदा मोडला गेला.

15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये मात्र हिशेब करायला वेळच नव्हता. यूएस एअरवेजच्या ए320 ला सुमारे 2,800 फुटांवर कॅनडा गीझ हे रानहंस धडकले आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. त्या उंचीला पल्ला फारसा उरत नाही. दोन्ही इंजिनं गेल्याची तपासयादी 20,000 फुटांवरची घटना धरून लिहिलेली होती, ती संपवायला वेळ कुठला. कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर यांनी यादीत बरंच खाली असलेलं काम आधी केलं: शेपटातलं छोटं इंजिन, एपीयू, चालू केलं. वीज अखंड राहिली, म्हणून फ्लाय-बाय-वायरचं, म्हणजे कॉम्प्युटरमार्फत चालणाऱ्या नियंत्रणाचं, स्टॉलपासूनचं (वेग फार घटून पंखांची उचल जाण्यापासूनचं) संरक्षण शेवटपर्यंत टिकलं. हडसनवर टेकताना खाली येण्याचा वेग सेकंदाला 12.5 फूट होता. ए320 च्या पाण्यावर उतरण्याच्या प्रमाणपत्रात तो 3.5 धरला होता, म्हणून मागचा भाग फाटून पाणी आत आलं. सगळी 155 माणसं बाहेर आली.

नंतर सिम्युलेटरमध्ये वैमानिकांनी धडकेच्या क्षणीच वळून न्यूयॉर्कचा लाग्वार्डिया विमानतळ गाठून पाहिलं, 13 पैकी 7 वेळा जमलं. परिस्थिती ओळखायला माणसाला लागणारा वेळ म्हणून 35 सेकंद उशिरा वळायला सांगितलं, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही.