लघुग्रहावर सोनं नको, पाणी शोध

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा लातूरला आला की दिवसभर त्याच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलात अंतराळ. परवा तो यान घेऊन लघुग्रहांच्या गर्दीत घुसला होता. इकडून खडक, तिकडून खडक, त्यातून वाट काढत त्यानं एकावर लेसर मारला. खडक फुटला आणि आतून सोन्याच्या विटा निघाल्या.

"मामा, बघा की, चाळीस विटा!"

"आणि पाणी?" मी विचारलं.

"पाण्याचं काय करायचं? ते स्टेशनवर फुकट मिळतं."

पाणी फुकट मिळतं, हे वाक्य लातूरच्या घरात बसून ऐकवेना. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे इथं आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी आणि तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास. पाणी तेच, पण मिरजेत त्याला जी किंमत होती ती लातुरात राहिली नव्हती. वस्तू कुठं आहे यावर तिचं मोल ठरतं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. लघुग्रहांचं सगळं गणित याच एका गोष्टीवर उभं आहे.

पृथ्वीवरून काही वर न्यायचं तर तिची ओढ तोडावी लागते. आपल्या इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना सुमारे ६४० टनांचं असतं. त्यानं चांद्रयान-३ वर नेलं, ते होतं चार टनांपेक्षा थोडं कमी. बाकीचं बहुतेक वजन इंधनाचं, आणि त्यातलं बरंचसं इंधन उरलेलं इंधन उचलण्यातच जळतं. पाण्याची एक कळशी वर न्यायची झाली तरी हाच खर्च. तीच कळशी अंतराळातच भरता आली तर?

भरता येईल. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात कोळशासारखे काळे लघुग्रह भरपूर आहेत. त्या जातीच्या काही अशनींमध्ये, म्हणजे पृथ्वीवर येऊन पडलेल्या तुकड्यांमध्ये, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी सापडलं आहे. तिथं झरा किंवा डबकं नसतं. पाणी मातीसारख्या खनिजांत घट्ट बांधलेलं असतं, ते काढायला खनिज काही शे अंशांपर्यंत तापवावं लागतं. ऊन तिथं इथल्यापेक्षा मंद असलं तरी मिळतं. आरसे लावून ऊन एका जागी गोळा करायचं, वाफ धरायची, थंड करायची. मग सौर पॅनेलच्या विजेनं पाण्याचे दोन भाग करायचे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. एलव्हीएम-३ च्या सगळ्यात वरच्या टप्प्यात हेच दोन वायू द्रवरूपात भरलेले असतात. म्हणजे काळा लघुग्रह हा एकाच वेळी पाण्याचा हौद, श्वासाची टाकी आणि पेट्रोल पंप आहे. भाच्याच्या गेममध्ये यातलं काहीच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता धातूंचंही सांगतो. लघुग्रहांवर लोखंड, निकेल, थोडं प्लॅटिनम आहे. पण तिथलं लोखंड जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये सळई करायला आणणं परवडणार नाही, इथं लोखंड स्वस्त आहे. वरच एखादं स्टेशन बांधायचं असेल, तर मात्र तेच लोखंड हवं.

आता तो फुटणारा खडक. बेन्नू नावाचा एक लघुग्रह आहे, जेमतेम ४९० मीटरचा. ऑक्टोबर २०२० मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानानं आपला लांब हात तिथं हळूच टेकवला, सेकंदाला दहा सेंटिमीटर एवढ्याच वेगानं. खालचा पृष्ठभाग टणक निघालाच नाही. हळदीच्या ढिगात हात जावा तसा तो हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. यानानं लगेच उलटा झोत सोडून वर उसळी घेतली, नाहीतर ते आणखी आत बुडालं असतं. गोळा केलेली खडी इतकी होती की झाकणात खडे अडकले आणि माल बाहेर सांडू लागला. २०१६ मध्ये निघालेलं यान सात वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, ती माती पृथ्वीवर टाकून गेलं. वजन भरलं १२१.६ ग्रॅम.

बेन्नू म्हणजे एकसंध खडक नव्हेच, दगडगोट्यांचा सैल ढीग आहे. साठ किलोच्या माणसाचं तिथलं वजन ज्वारीच्या दहा-पंधरा दाण्यांएवढं भरेल. सेकंदाला वीस सेंटिमीटरच्या वेगानं उडी मारली की माणूस परत खाली येणारच नाही. तिथं पहार मारली तर पहार मारणाराच मागं उडेल. म्हणून खाणकामाआधी स्वतःला बांधून घेणं, किंवा अख्ख्या लहान लघुग्रहाला पिशवीत घालणं, असे मार्ग सुचवले गेले आहेत. गेममध्ये ही पिशवी आणली तर काय मजा येईल!

लघुग्रह पोखरून, गरगर फिरवून आत गाव वसवायची कल्पनाही गेमवाल्यांना आवडते. फिरवलं की आतली माणसं भिंतीकडं दाबली जातात आणि त्यांना वजन जाणवतं. बेन्नूएवढ्या गोळ्यात पृथ्वीसारखं वजन हवं असेल तर तो दर अर्ध्या मिनिटाला एक फेरी या वेगानं फिरवावा लागेल. आत्ता त्याला एका फेरीला सव्वाचार तास लागतात. एवढं फिरवलं तर सैल ढीग चहूकडे उधळून जाईल. त्यापेक्षा तिथली माती स्टेशनच्या भिंतीभोवती जाड थरानं लिंपावी. आपली जुनी धाब्याची घरं मातीच्या जाड थरानं ऊन अडवतात, तशी ही माती घातक किरणं अडवील.

आणि ती गर्दी? पट्ट्यात दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये सरासरी लाखो किलोमीटरचं अंतर असतं. सगळ्यांचं मिळून वस्तुमान आपल्या चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपास. आजवर कितीतरी यानं तिथून आरपार गेली, एकालाही खडक चुकवायला वाट बदलावी लागली नाही.

हे सगळं ऐकून भाच्यानं गेम थांबवला. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग मामा, पाण्याचा टँकर उभा कुठं करायचा?"

चंद्राच्या पलीकडे, त्याला सांगितलं. पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढीचा मेळ बसून यान थोड्याशा इंधनात टिकून राहू शकेल, अशी एक जागा तिथं आहे. मंगळाकडं निघालेली गाडी तिथं थांबेल, टाकी भरून घेईल आणि पुढं जाईल.